एका गणपतीचे दोन स्पीकर

आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. दार उघडतं, समोरचा माणूस माझ्या डोक्यावरून मागे बघतो आणि विचारतो, "मेकॅनिक कुठाय?"

सुरुवातीला मी उत्तर द्यायचे. आता चपला काढते, पिशवी खाली ठेवते आणि विचारते, "वाय-फायचा पासवर्ड काय आहे?" पासवर्ड मागणारा माणूस मेकॅनिकच असणार, हे लोकांना लगेच पटतं. शिवाय जास्त बोलावं लागत नाही. मला जास्त बोलायला आवडत नाही.

हुबळीच्या देशपांडे नगरात माझ्या मामाचं टीव्ही-स्पीकरचं दुकान आहे. विकायचं काम मामाचं, आणि विकलेलं लोकांच्या घरी जाऊन जुळवायचं काम माझं. कॉलेज संपल्यावर "दुसरं काही मिळेपर्यंत" म्हणून लागले आणि मग ते दुसरं काही शोधायचं राहूनच गेलं. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात दरवर्षी बँकेतले, रेल्वेतले, कोर्टातले ज्येष्ठ लोक आपल्या नोकरीबद्दल लिहितात. यंदा संपादक काकूंनी मला लिहायला सांगितलं. मी निवृत्त झालेली नाही, असं म्हटलं तर म्हणाल्या, "मग काय तोपर्यंत अंक थांबवू?" माझी शाळा इंग्रजी, रस्ता कन्नड आणि मराठी तेवढी घरातली. चुका त्या सुधारतील, असं कबूल करून घेतलं आहे.

आधी काम काय ते सांगते. आता घरात एक स्पीकर नसतो. मुलगा बेंगळुरूहून एक पाठवतो, मुलगी पुण्याहून दुसरा आणते, तिसरा कुठल्या तरी वाढदिवसाला आलेला असतो. तिन्ही बिनतारी आणि तीन कंपन्यांचे. मग एक दिवस घरातल्या कुणाला तरी वाटतं, तिन्ही मिळून एकच गाणं का वाजू नये? वाटणं बरोबर आहे. पण एका कंपनीचे स्पीकर आपसांत बोलतात आणि दुसऱ्या कंपनीचा आला की ओळख दाखवत नाहीत. लग्नाच्या आदल्या दिवशी मुलीकडचे आणि मुलाकडचे कसे दोन भिंतींना टेकून बसतात, तसं.

समजा, दाखवली ओळख. तरी बिनतारी स्पीकरला गाणं हवेतून तुकड्यातुकड्यांनी मिळतं. तो ते जमवतो, लावतो आणि मग वाजवतो. प्रत्येकाला लागणारा वेळ वेगळा. फरक पापणी लवण्याएवढा, पण कानाला कळतो. विहिरीत वाकून हाक मारल्यासारखं गाणं दोनदा येतं.

आणि हा धंदा करायला आमचा गाव अवघड, कारण इथे लोकांना कान आहेत. धारवाडचे एक निवृत्त प्राध्यापक मी सगळं जुळवून दिल्यावर डोळे मिटून बसले आणि म्हणाले, "बाई, तुमचा खिडकीतला तबलजी समेवर उशिरा येतोय." मोजून पाहिलं, खरंच येत होता. देशपांडे नगरातल्या एका डॉक्टरांकडे मात्र कान नव्हते, उत्साह होता. त्यांच्या स्पीकरला खाली थांबणाऱ्या रिक्षावाल्याचा फोन आपोआप जोडला जायचा. रोज संध्याकाळी कन्नड सिनेमाची गाणी लागायची आणि डॉक्टर म्हणायचे, "यंत्राला माझी आवड कळायला लागली बघ."

लोक सगळ्यात खूश होतात ते मात्र एका साध्या गोष्टीवर. स्पीकर शहाबादी फरशीवर ठेवला की आवाज घुमतो. खाली जाड लाकूड सरकवलं की स्वच्छ होतो. याला ना ॲप लागतं ना पासवर्ड. हे लाकडाचं मी उगाच सांगत नाही, पुढे लागणार आहे.

गोष्ट यंदाच्या हरितालिकेची. गणपतीच्या आदल्या दिवशी दुकानात पाणी प्यायला फुरसत नसते. त्यात जुन्या हुबळीतून फोन आला. बाईंचा आवाज, खणखणीत.

"दोन स्पीकर आहेत. दोन कंपन्यांचे, दोन भावांचे. उद्याच्या आरतीला दोन्ही एकदम वाजले पाहिजेत. जमतं?"

"बघावं लागेल."

"बघायचं नंतर. जमतं का सांग."

"जमतं," असं माझ्या तोंडून गेलं.

त्या अक्का. दोन भावांची थोरली बहीण. हायस्कुलात पी.टी. शिकवून निवृत्त झालेल्या, लग्न न केलेल्या, पाठीचा कणा पट्टीसारखा. घरात खाली थोरला भाऊ राहतो, अण्णा. त्यांचं बाजारात भांड्यांचं दुकान. वर धाकटा, बाळूकाका. त्यांचं गोकुळ रोडला वर्कशॉप. अक्का सकाळी खाली जेवतात आणि रात्री वर.

दार अक्कांनीच उघडलं. माझ्या डोक्यावरून मागे बघितलं नाही. "तूच ना ती? ये, तंगी." तंगी म्हणजे कन्नडमध्ये धाकटी बहीण. मी पासवर्ड विचारायच्या आत त्या मला जिन्याखाली घेऊन गेल्या. तिथे वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी भिंतीला टेकवून ठेवलं होतं.

"आधी हे बघ," त्या म्हणाल्या. "पाट आहे. गणपतीचा."

मला वाटलं, स्पीकर बघायला आले आणि पाट काय बघू?

"आमच्यात मूर्तिकाराकडे घरचा पाट द्यायचा असतो. त्या पाटावर गणपती घरी येतो. आमचा पाट नागपंचमीलाच गेलाय. हा दुसरा. बाळूनं नवा करून आणलाय."

इंग्रजी शाळेत शिकले असले तरी एवढं मला कळतं. दुसरा पाट म्हणजे दुसरा गणपती.

"चूल वेगळी झाली, मी बोलले नाही," अक्का म्हणाल्या. "लाइटचा मीटर वेगळा झाला, नळ वेगळा झाला. बोलले नाही. पण गणपती वेगळा झाला की घर मोडलं. खाली आरती, वर आरती, एकाच वेळी. मी कुठं उभी राहू? जिन्यात?"

भांडणाचं कारण स्पीकरच होता. गेल्या वर्षीपर्यंत आरती अण्णांच्या पांढऱ्या स्पीकरवर लागायची. होती ती दोघांची जोडी, पण अक्कांच्या हिशोबात एकच. यंदा बाळूकाकांनी कमरेएवढा उंच काळा स्पीकर आणला, रंगीत दिवे लागणारा. आरती यावर वाजवायची, असं ते म्हणाले. गणपती माझ्या हॉलमध्ये बसतो, असं अण्णा म्हणाले. "मग माझा वर बसेल," असं बाळूकाका म्हणाले आणि पाट घेऊन आले. बाजारात उद्या सकाळीसुद्धा तयार मूर्ती मिळतात. तेव्हा अक्कांनी निकाल दिला की दोन्ही वाजतील.

"दोघांनी वाजवून बघितले," अक्का म्हणाल्या. "चल, तू पण बघ."

हॉलमध्ये रिकामं मखर तयार होतं. त्याच्या एका बाजूला पांढऱ्या बनियनमधले अण्णा फोन घेऊन उभे राहिले, दुसऱ्या बाजूला बाळूकाका. अक्कांनी घंटा हातात घेतली. "घंटा वाजली की दोघांनी एकदम बटण दाबायचं."

घंटा वाजायच्या आतच अण्णांनी दाबलं. अण्णांचा अंगठा हललेला बघून बाळूकाकांनी दाबलं.

"तू आधी दाबलंस!"

"तू माझं बघून दाबलंस!"

"दोघंही गप्प राहा आणि टाळ्या वाजवा," अक्का म्हणाल्या.

त्या घरात आरती पाठ फक्त अक्कांना. मुलं कन्नड नाहीतर इंग्रजी शाळेतली, भाऊ पहिल्या कडव्यानंतर ओठ हलवणारे. स्पीकर म्हणतो आणि घर टाळ्या वाजवतं. त्या दिवशी अण्णांची मंडळी पांढऱ्या स्पीकरबरोबर टाळ्या वाजवत होती आणि बाळूकाकांची मंडळी काळ्याबरोबर. टाळी, मग लगेच दुसरी टाळी. अक्कांची घंटा आधी एका पक्षात गेली, मग दुसऱ्या, आणि मग मधेच थांबली. आपला पाय कुठे पडतो आहे हे न कळलेल्या माणसासारखा त्यांचा चेहरा झाला.

दोन्ही भावांचे याबद्दल आपापले सिद्धान्त होते. बाळूकाकांचा आवाज मागून येत होता, म्हणून त्यांनी स्पीकर मखराच्या जवळ सरकवला होता, म्हणजे देवापर्यंत लवकर पोचेल. अण्णांनी उत्तर म्हणून आपला आवाज वाढवला होता.

मी कामाला लागले. आमच्याकडे एक छोटी डबी मिळते. ती अण्णांच्या स्पीकरांच्या गटात सामील होते, त्यांच्याबरोबर गाणं घेते आणि तारेतून तिसऱ्या कुठल्याही स्पीकरला देते. एकच फोन, एकच बटण. मी डबी लावली आणि तिची तार बाळूकाकांच्या स्पीकरात खोचली.

"वायरलेस म्हणून घेतला," बाळूकाका म्हणाले, "आणि तुम्ही वायर लावता?"

हे वाक्य मी रोज ऐकते. बिनतारी गोष्टी जुळवायच्या तर कुठेतरी एक तार लागतेच. मी मान हलवली आणि स्पीकर चालू केला. त्यातून एक बाई इंग्रजीत काहीतरी म्हणाली.

"ही कोण?" अक्कांनी विचारलं.

"स्पीकर. चालू झाला असं सांगतोय."

"तिला म्हणावं, उद्या आरतीत मधे बोलायचं नाही."

आता फरक पुष्कळ कमी झाला होता, पण संपला नव्हता. बाळूकाकांचा स्पीकर तार लावूनही किंचित मागे होता. असे मोठे स्पीकर आवाज आत नीट करून मगच बाहेर सोडतात. याला उपाय एकच असतो. मागच्याला पुढे ढकलता येत नाही, कारण आवाज त्याच्याकडे पोचायच्या आधी तो वाजवणार कसा? मग पुढच्याला तेवढं थांबवायचं. ॲपमध्ये त्याची सोय असते. बोट सरकवायचं, झालं.

दुसऱ्या कुठल्याही घरात मी न बोलता बोट सरकवलं असतं. पण अण्णांनी विचारलं, "आता काय करायलीस?" आणि खोटं बोलायचं तर आणखी बोलावं लागतं.

"तुमचा स्पीकर जरा थांबवते."

"माझा? माझा का थांबणार? मी थोरला!"

"त्यांचा मागे पडतोय म्हणून."

"माझा मागे?" बाळूकाका उठलेच. "परवा घेतलाय. नवा माल मागे कसा पडेल?"

"मागे म्हणजे," मी म्हटलं, "आवाज भारदस्त करायला त्याला वेळ लागतो."

"म्हणजे आमचा हलका?" अण्णा म्हणाले.

मी फोनमध्ये तोंड घातलं. बाळूकाका शांतपणे म्हणाले, "जाऊ दे. नको जुळवायला. सकाळी मी बाजारात जाऊन येतो." त्यांनी जिन्याखाली बघितलं. शांतपणे म्हणाले, म्हणून जास्त वाईट वाटलं.

अक्का उठल्या. दाराजवळच्या खिळ्याला एक शिट्टी टांगलेली होती. मला ती शोभेची वाटली होती. त्यांनी ती काढली आणि अशी फुंकली की भिंतीवरची पाल पळाली.

"सावधान!"

दोन्ही भाऊ ताठ उभे राहिले. लहानपणी दोघेही त्यांच्याच हाताखाली परेड शिकले होते, हे मला नंतर कळलं.

"अण्णा पुढं, बाळू मागं. लेफ्ट-राइट सुरू!"

"अक्का, अगं ती मुलगी बसलीय..."

"ती मुलगी तुमच्यापेक्षा शहाणी आहे. लेफ्ट!"

दोघं हॉलभर चालू लागले. आतल्या स्वयंपाकघरात दोघी जावा मिळून पुरणाचे कडबू करत होत्या. त्यांचं काहीच भांडण नव्हतं. त्या पिठाचे हात तसेच घेऊन दारात आल्या. अण्णा झपाझप चालले. बाळूकाकांचा गुडघा दुखरा, ते मागे पडले. शिट्टी वाजली.

"आता दोघांचे पाय जुळवायचे तर काय करायचं?"

"बाळूनं पळत यायचं," अण्णा म्हणाले.

"माझा गुडघा बघितलास का?"

"परेडमध्ये मागचा पळत नसतो," अक्का म्हणाल्या. "पुढचा जागेवर पाय मारतो, मागचा येईपर्यंत. विसरलात? अण्णा, कदमताल!"

आणि बाजारपेठेत ज्यांचा दरारा आहे असे अण्णा रिकाम्या मखरासमोर बनियनवर जागच्या जागी पाय आपटू लागले. धप, धप, धप. बाळूकाका लंगडत मागून येत होते.

"साकु की अक्का, पुरे!" अण्णा धापा टाकत म्हणाले. "लहानपणापासून मी थांबायलोयच की! सायकलीला मी थांबलो, आंघोळीला मी थांबलो..."

"आंघोळीला मी थांबायचो! सगळं पाणी तू संपवायचास!"

"आता संपवतो का?"

"आता कसं संपवशील? आता माझा नळ वेगळा आहे."

जावा हसत होत्या, त्या थांबल्या. अण्णांचे पायही थांबले. बाळूकाका तोपर्यंत त्यांच्या शेजारी येऊन पोचले होते. दोघं मखराकडे बघत उभे राहिले.

मग अण्णा माझ्याकडे न बघता म्हणाले, "सरकव गं. माझा थांबव."

मी फोनवरून झांजेचा एकेक ठोका लावला आणि बोट हळूहळू सरकवत गेले. अक्का मधोमध डोळे मिटून उभ्या होत्या, एक हात वर.

"अजून... जरा अजून... जास्त झालं, मागं घे... हां. बास. पाय जुळले."

मीही ऐकलं. एकच झांज. हे जुळणं दरवेळी ऐकू येतं तेव्हा मला आत कुठेतरी बरं वाटतं, आणि ते गिऱ्हाइकाला दिसू नये म्हणून मी तारा गुंडाळायला लागते.

मग पूर्ण आरती लावली. टाळ्या एक झाल्या. पण ढोल सुरू झाला आणि बाळूकाकांच्या स्पीकरनं शहाबादी फरशी अशी घुमवली की फडताळातली अण्णांची पितळी भांडी नाचू लागली.

"हे काय आता?" बाळूकाका घाबरून म्हणाले.

"फरशीमुळे," मी सवयीनं म्हणून गेले. "खाली जाड लाकूड पाहिजे. एखादा पाट वगैरे..."

शब्द बाहेर पडले आणि मला फरशीत जावंसं वाटलं. हॉलमध्ये कुणी जिन्याकडे बघेना. अण्णांच्या बायकोने घाईघाईनं म्हटलं, "स्वयंपाकघरातला देऊ का, जेवायला बसायचा?"

बाळूकाकांनी आपल्या स्पीकरकडे बघितलं. "तो लहान पडेल, वैनी," ते म्हणाले.

ते जिन्याखाली गेले. वर्तमानपत्र फाडल्याचा आवाज आला. नवा कोरा पाट काखेत घेऊन ते आले, तो त्यांनी फरशीवर ठेवला आणि म्हणाले, "धर की अण्णा, जड आहे." दोघांनी मिळून स्पीकर उचलला आणि पाटावर ठेवला. मापात बसला.

अण्णांनी वाकून पाटाच्या कडेवरून अंगठा फिरवला. "सागवानी?"

"हं."

"चांगला घेतलास."

एवढंच. मी आरती परत लावली. भांडी गप्प राहिली. अक्कांनी शिट्टी खिळ्याला अडकवली, पदरानं कपाळ पुसलं आणि मला विचारलं, "उपास आहे का तुझा आज?"

"नाही."

"बरं केलंस. मग दोन कडबू खा. नैवेद्याचे नाहीत, वेगळे ठेवलेत. मला आज पाणीसुद्धा नाही आणि यांनी मला हॉलभर ओरडायला लावलं."

निघताना त्या म्हणाल्या, "सकाळी आरतीला ये. आपण केलेलं काम कसं वाजतं ते ऐकायला नको?"

"बघते," मी म्हटलं. माझ्या बोलण्यात त्याचा अर्थ नाही असा होतो. एवढ्या माणसांत मी कुठे उभी राहणार, काय बोलणार, असं वाटलं. दुसऱ्या दिवशी आमच्याच घरातल्या गणपतीसमोर उभी असताना अक्कांचा फोन आला. त्या नुसता फोन आरतीसमोर धरून उभ्या राहिल्या. घंटा, ढोल, आणि टाळ्या. फोनवर स्पीकर जुळलेत का ते सांगता येत नाही, पण टाळ्यांवरून येतं. टाळी एकच होती. जायला हवं होतं, असं तेव्हा वाटलं. अजून वाटतं.

त्यानंतर खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी प्रत्येक यंत्राची पूजा होते. मामानं दुकानातल्या टीव्हींना झेंडूच्या माळा घातल्या होत्या आणि माझ्या पेचकसाला कुंकू लावलं होतं. दुपारी अक्कांनी एक फोटो पाठवला. बाळूकाकांचा काळा स्पीकर, त्याच्या जाळीवर हळदीकुंकवाची बोटं, गळ्यात हार, समोर कापलेलं लिंबू. अण्णांचे दोन्ही पांढरे स्पीकर उचलून त्याच पाटाच्या दोन कोपऱ्यांवर आणून बसवलेले, जरा दाटीवाटीनं. पाटाभोवती रांगोळी.

खाली अक्कांनी लिहिलं होतं : "बाळूचा पाट वाया गेला नाही. पूजा झाली."